ताइ-ची-च्वान : चीनची संथ मुष्टिविद्या

चीन देशांतील एखाद्या मोठ्या शहराच्या उद्यानांत पहाटे गेलें असतां एक दृश्य हमखास दिसतें. वृद्ध स्त्रीपुरुषांचा घोळका झाडांखालीं उभा असतो. त्यांचे हात पाण्यांतून फिरावेत तसे सावकाश फिरत असतात. एक पाय उचलला जातो, क्षणभर अधांतरीं राहतो आणि मांजरानें पाऊल टाकावें तसा अलगद जमिनीला टेकतो. कोणी बोलत नाहीं, कोणाला धाप लागलेली नसते. परक्या पाहुण्याला वाटतें कीं हा नृत्याचा किंवा प्रार्थनेचा कांहीं तरी प्रकार असावा. वस्तुतः ती लढण्याची विद्या आहे. जो हात हवेंत ढग सारल्यासारखा फिरतो तो मूळचा शत्रूचा ठोसा बाजूस सारणारा हात आहे. आणि जो पाय इतक्या हळुवारपणें पुढें येतो तो शत्रूच्या पायामागें अडसर घालण्यासाठीं येतो. ह्या विद्येचें नांव ताइ-ची-च्वान. तिचा खरा वारसा कोणता, आणि आजच्या माणसाला तिचा उपयोग काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. हे प्रश्न वेगवेगळे दिसतात. परंतु पहिल्याचें उत्तर चुकलें कीं दुसऱ्याचेंहि चुकतें, असें माझें मत आहे.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. 'च्वान' म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. 'ताइ' म्हणजे परम. 'ची' ह्या शब्दाविषयीं मात्र सर्वत्र घोटाळा आहे. चिनी भाषेंत श्वास किंवा प्राण ह्या अर्थाचा एक शब्द आहे, त्याचा उच्चार 'छी' असा होतो; ताइ-ची मधील 'ची' तोच, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. हें अक्षर निराळें असून त्याचा मूळ अर्थ घराचें आढें असा आहे. छपराचीं दोन्ही पाखीं ज्या एका लांकडावर येऊन मिळतात तें आढें. त्यावरून पराकाष्ठा, शेवटची मर्यादा, असा अर्थ निघाला. 'यी-चिंग' ह्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या परंपरेंत ताइ-ची म्हणजे तें आदितत्त्व, ज्यांतून यिन आणि यांग हीं परस्परपूरक तत्त्वें निघालीं : अंधार आणि उजेड, मृदु आणि कठिण, रितें आणि भरलेलें. दोन विरुद्ध उतरणी एकाच आढ्यावर टेकलेल्या असतात, ही प्रतिमा ध्यानांत ठेवली तर पुढील पुष्कळसा भाग समजण्यास सोपा जाईल.

आतां ह्या विद्येचा जनक कोण? प्रचलित उत्तर असें कीं वू-तांग पर्वतावर राहणारा चांग सान-फंग नांवाचा एक ताओपंथी सिद्ध. पक्षी आणि सर्प ह्यांची झुंज त्यानें पाहिली. पक्षी चोंच मारी आणि सर्प अंग वळवून ती चुकवी. तें पाहून त्याला मृदूनें कठिणाला जिंकण्याची ही विद्या स्फुरली. कथा मोठी गोड आहे. तिच्यांत उणें एवढेंच कीं ती इतिहास नव्हे. हा सिद्ध कोणी बाराव्या शतकांत घालतो, कोणी चौदाव्या-पंधराव्या. त्याचा मुष्टिविद्येशीं संबंध जोडणारा जुना लेख १६६९ सालचा आहे, आणि त्यांतहि ताइ-ची-च्वानचें नांव नाहीं. १९३० च्या सुमारास तांग हाव नांवाच्या, पेशानें वकील असलेल्या, एका चिनी गृहस्थांनीं हें प्रकरण हातीं घेतलें. वकिलानें साक्षीपुरावा तपासावा तशा त्यांनीं घराण्यांच्या वंशावळी आणि परगण्यांच्या बखरी तपासल्या. स्वतः खेड्यापाड्यांत जाऊन माणसांना विचारलें. आणि सिद्धाची कथा मागाहून जोडलेली आहे असा निकाल दिला. तो निकाल पुष्कळांना रुचला नाहीं. कांहीं घराणीं आजहि जुनीच कथा मानतात.

ह्याच संशोधकांनीं आपल्या देशाशीं निगडित अशी दुसरी एक समजूतहि खोडून काढली. बोधिधर्मानें भारतांतून चीनमध्यें जाऊन शाओलिन मठांतील भिक्षूंना मुष्टिविद्या शिकविली, असें आपल्याकडे अभिमानानें सांगण्यांत येतें. ध्यानमार्गाचा आद्य आचार्य म्हणून बोधिधर्म चीनमध्यें पूज्य आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु व्यायामाचा जो ग्रंथ त्याच्या नांवावर सांगितला जातो तो त्याच्या काळानंतर सुमारें अकराशें वर्षांनीं, सतराव्या शतकांत, रचलेला आहे. पुरावा अपुरा पडला कीं पूर्वज मोठा करावयाचा, हा मोह सर्व देशांना होतो. मुलांना इतिहास शिकवितांना तो माझ्याहि चांगल्या परिचयाचा झालेला आहे.

सिद्ध आणि पर्वत बाजूला सारले कीं जें उरतें तें एक साधें खेडें. होनान प्रांतांत, ह्वांग-हो नदीच्या उत्तरेस, वेन परगण्यांत चेनजियागौ नांवाचें गांव आहे. नांवाचा अर्थ चेन कुळाची घळ. ह्या कुळाच्या नवव्या पिढींत, सतराव्या शतकांत, चेन वांग-तिंग हा पुरुष होऊन गेला. तो स्थानिक फौजेंत अधिकारी होता. १६४४ मध्यें मिंग राजवंश लयास गेला आणि मांचूंचें राज्य आलें, तेव्हां तो शस्त्र ठेवून गांवीं राहिला; आणि शेती व अध्ययन करीत असतांना त्यानें कुळाच्या मुष्टिविद्येला व्यवस्थित रूप दिलें, असें घराण्याच्या कागदांवरून दिसतें. हीं रूपें त्यानें शून्यांतून काढलीं नाहींत. त्याच्यापूर्वीं छी ची-ग्वांग (१५२८–१५८८) नांवाचा एक नामांकित सेनापति झाला. जपानी चांच्यांशीं लढण्यासाठीं त्यानें जी फौज उभारली, तिच्या शिक्षणाकरितां लिहिलेल्या ग्रंथांत मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे सचित्र दिलेले आहेत. तांग हाव ह्यांनीं ताळा घेतला तेव्हां त्यांपैकीं २९ पवित्रे चेन घराण्याच्या चालींत सांपडले. 'सोनेरी कोंबडा एका पायावर उभा' असें त्यांतील एका पवित्र्याचें नांव आहे, आणि तें नांव आजच्या उद्यानांतील आजोबांच्या तोंडीं जसेंच्या तसें आहे. म्हणजे जिला आपण गूढ योग्यांची साधना समजतों तिचा मोठा भाग शिपायांची कवाईत आहे. तिला जुन्या श्वसनव्यायामांची आणि यिन-यांगच्या विचाराची जोड मिळाली, आणि तिचें रूप पालटलें. ह्यांत मला तरी कमीपणा वाटत नाहीं.

सुमारें दोनशें वर्षें ही विद्या त्या एका खेड्यांत, एका आडनांवांत राहिली. आपल्याकडील जुने गवई घराण्याची चीज बाहेर जाऊं देत नसत, तशांतलाच हा प्रकार. ती बाहेर पडली यांग लू-छान (१७९९–१८७२) ह्याच्यामुळें. हा उत्तरेकडील यूंग-न्येन येथला गरीब मनुष्य. चेन कुळांतील चौदाव्या पिढीचा आचार्य चेन चांग-शिंग (१७७१–१८५३) ह्याच्यापाशीं तो शिकला. तो तेथें नोकर म्हणून राहिला, रात्रीं भिंतीच्या फटींतून तालीम पाहून चोरून शिकला, आणि पकडला गेल्यावर त्याचें कौशल्य पाहून गुरूनेंच त्याला पदरीं घेतलें, अशी कथा आहे. भिंतीची फट खरी असो वा नसो, परक्या आडनांवाच्या माणसाला ही विद्या मिळाली ही गोष्ट खरी आणि महत्त्वाची. पुढें तो पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, जाऊन मांचू सरदारांना व त्यांच्या पलटणींतील लोकांना शिकवूं लागला. लोक त्याला 'अजिंक्य यांग' म्हणत.

यांग घराण्याविषयीं एक गोष्ट सांगतात. आचार्यांनीं तळहातावर चिमणी ठेवावी आणि चिमणीला उडतां येऊं नये! उडण्यासाठीं पक्ष्याला आधीं पायाखालच्या वस्तूला रेटा द्यावा लागतो. चिमणी रेटा देऊं लागली कीं आचार्यांचा हात तेवढाच खालीं जाई. रेट्याला आधार न मिळाल्यामुळें ती जागच्या जागीं पंख फडफडवीत राही. गोष्टींत अतिशयोक्ति आहे हें उघड आहे, परंतु ताइ-ची-च्वानचें सारें शास्त्र तींत आलेलें आहे. आपण एखाद्याला ढकलतों तेव्हां त्याच्या विरोधाचा आपण नकळत आधार घेत असतों. तो विरोध अकस्मात् नाहींसा झाला, तर बंद समजून जोरानें ढकललेलें दार उघडें निघावें तसे आपण तोंडघशीं पडतों. आपल्या कुस्तीगिरांना हें सांगावयास नको. समोरच्याचा रेटा आला कीं त्याच दिशेला त्याला ओढून घेणें हा आपल्या तालमींतहि जुना डाव आहे. ताइ-ची-च्वानचें वैशिष्ट्य असें कीं तेथें हा एक डाव नसून सर्व विद्येचा पाया आहे.

हा पाया घालतात कसा, तें थोडें विस्तारानें सांगतों. कारण ह्या विद्येचें खरें धन येथें आहे. उभें राहतांना पाठीचा कणा ताठ, डोकें वरून दोरीनें टांगल्यासारखें, खांदे खालीं सोडलेले, गुडघे किंचित् वाकलेले. आतां चालावयाचें. आपण नेहमीं चालतों तेव्हां, लक्षांत घ्या, आपण पुढें पडत असतों आणि पडतां पडतां दुसऱ्या पायावर स्वतःला सांवरीत असतों. म्हणून पायाखालीं अचानक दगड आला तर पाऊल मागें घेतां येत नाहीं. वजन त्यावर जाऊन चुकलेलें असतें. ताइ-ची-च्वानमध्यें आधीं सर्व वजन एका पायावर घेतात. तो पाय 'भरलेला', दुसरा 'रिता'. रिता पाय पुढें जाऊन टांच टेकतो, पण त्यावर भार मुळींच नसतो. वाटेल तेव्हां तो तसाच मागें घेतां आला पाहिजे. मग एका भांड्यांतलें पाणी दुसऱ्यांत ओतावें तसें वजन हळूहळू पुढच्या पायांत उतरवावयाचें. पुढचा भरतो, मागचा रिता होतो. यिन आणि यांग हे शब्द ऐकून बिचकण्याचें कारण नाहीं. शिकणाऱ्याच्या दृष्टीनें त्यांचा पहिला अर्थ हा असा पायांतला आहे.

हातांच्या चालीसाठीं चेन घराण्यांत रेशमाची उपमा देतात. कोशावरून धागा उलगडतांना हात एका गतीनें चालावा लागतो. हिसका बसला तर धागा तुटतो, हात थबकला तर गुंततो. शरीराची चालहि तशीच अखंड आणि पिळाची असावी : जोर पायांतून निघावयाचा, कंबरेंत वळावयाचा आणि बोटांत प्रकट व्हावयाचा. दंडाच्या बळाचें काम त्यांत फार थोडें.

एकट्यानें करावयाच्या ह्या चालींना दोघांच्या सरावाची जोड असते. तिला 'थ्वे-शौ', म्हणजे ढकलते हात, असें म्हणतात. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट लावतात आणि वर्तुळांत हात फिरवीत एकमेकांचा तोल शोधतात. ठोसा नाहीं, लाथ नाहीं. येथें जें कौशल्य मिळवावयाचें त्याला चिनी लोक 'ऐकणें' म्हणतात. कान नव्हे, कातडी ऐकते. समोरच्याचें वजन कोणत्या पायावर आहे, तो आतां ओढणार कीं ढकलणार, हें मनगटाच्या स्पर्शावरून कळावें लागतें. नभोवाणीवर बोलणाऱ्याला हा शब्द आवडला नाहीं तरच नवल! ज्यानें अंग ताठ केलें त्याला कांहींच ऐकूं येत नाहीं. त्याच्या स्वतःच्याच स्नायूंचा गलबला फार असतो. म्हणून अंग सैल ठेवण्याचा इतका आग्रह, आणि म्हणूनच संथपणाहि. वेगानें केलेल्या हालचालींत तोल कोठें गेला हें समजत नाहीं. झोंकच तो दोष झांकून टाकतो. सायकल वेगांत असली कीं कोणालाहि सांवरतां येते. ती अगदीं सावकाश चालवावयास सांगा, म्हणजे खरा तोल कोणाला आहे तें दिसतें. ताइ-ची-च्वानचा संथपणा हा असा परीक्षकाचा संथपणा आहे, शोभेचा नव्हे.

तथापि मूळची चाल सर्वस्वी संथ नव्हती. चेन घराण्याच्या चालींत आजहि मधूनच वीज चमकावी तसा झटका येतो, पाय आपटतात, उड्या असतात. उद्यानांत दिसणारी एकसारखी चाल ही मुख्यतः लू-छानचे नातू यांग छंग-फू (१८८३–१९३६) ह्यांची देणगी. त्यांनीं उड्या व आपटणें गाळलें, वेग सारखा केला. १९२८ मध्यें ते शांघायला गेले. तेथें शिकावयास येणारे लोक लढवय्ये नव्हते; व्यापारी, अधिकारी, विद्वान् आणि प्रकृतीनें बेताचे असे नागरिक होते. आणि काळहि पालटला होता. १९०० सालीं चीनमध्यें, ज्यांना इंग्रज 'बॉक्सर' म्हणत त्या लोकांचें, बंड झालें. मंत्रानें आणि मुष्टिविद्येच्या आवर्तनानें अंगांत देव संचरतो व मग गोळी लागत नाहीं, ह्या श्रद्धेनें हजारों खेडवळ तरुण बंदुकांसमोर उभे राहिले आणि मेले. चमत्काराच्या कथा निरुपद्रवी असतात असें ज्यांना वाटतें त्यांनीं हा प्रसंग आठवावा. त्या अनुभवानंतर मुठीच्या बळावर राष्ट्र राखतां येईल असें विचारी चिनी माणसाला वाटेना. १९११ च्या क्रांतीनंतर प्रश्न असा उभा राहिला कीं ही जुनी विद्या टाकून द्यावयाची, कीं तिला नवें काम द्यावयाचें? नवें काम मिळालें तें आरोग्याचें. १९२८ मध्यें नानकिंग येथें मुष्टिविद्येची मध्यवर्ती संस्था सरकारनें काढली. १९४९ नंतरच्या साम्यवादी राजवटीनेंहि हेंच धोरण पुढें नेलें : १९५६ मध्यें सरकारी क्रीडा मंडळानें यांग घराण्याच्या लांब चालीमधून निवडून २४ पवित्र्यांची एक सुटसुटीत चाल तयार केली. ती पांचसहा मिनिटांत पुरी होते. आज जगभर ताइ-ची म्हणून जें शिकवितात तें पुष्कळदां हेंच.

ज्या खेड्यांतून ही विद्या निघाली त्याचें पुढें काय झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. १९२८ मध्यें चेन चाव-पी (१८९३–१९७२) आणि त्यांचे चुलते चेन फा-ख (१८८७–१९५७) हे दोघे पेकिंगला शिकविण्यास गेले. चाव-पी तेथून नानकिंगला गेले. चांगले शिक्षक असे शहरांत. आणि इकडे खेडें जपानी आक्रमण, १९४२-४३ चा होनानमधील भीषण दुष्काळ आणि यादवी युद्ध ह्यांत पोळून निघालें. १९५८ मध्यें चेन चाव-पी गांवीं आले. तोंपर्यंत ते ह्वांग-हो नदीच्या सरकारी खात्यांत नोकरीस होते. पाहतात तों शिकविणारा असा कोणी उरलेला नाहीं, आणि तरुणांना पूर्वजांची विद्या येत नाहीं. त्यांचें वय त्या वेळीं ६५. शहरांतला आराम सोडून ते खेड्यांत राहिले आणि गांवच्या पोरांना गोळा करून पहिल्यापासून शिकवूं लागले. साठीनंतर नवा वर्ग भरविणें म्हणजे काय, हें माझ्यासारख्याला थोडेंसें समजतें. आवाज पूर्वीचा राहिलेला नसतो आणि मुलें दुसऱ्याच काळांतलीं असतात. पुढें १९६६ मध्यें सांस्कृतिक क्रांति सुरू झाली. जुनें तें सर्व दोषी ठरलें. ह्या वृद्ध शिक्षकाची जाहीर विटंबना झाली आणि उघड शिकविणें बंद पडलें. तरीहि गुप्तपणें सराव चालू राहिला. १९७२ च्या अखेरीस ते वारले, तेव्हां त्यांच्या हाताखालीं घडलेले चार तरुण गांवांत होते : चेन श्याव-वांग, चेन चंग-लेइ, वांग शी-आन आणि चू थ्येन-त्साय. चेन फा-ख ह्यांचे चिरंजीव चेन चाव-ख्वे ह्यांनीं पेकिंगहून येऊन त्यांचें पुढचें शिक्षण केलें; आणि त्या चौघांनीं नंतर ही विद्या देशोदेशीं नेली. १७ डिसेंबर २०२० रोजीं युनेस्कोनें ताइ-ची-च्वानची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत केली. ती नोंद वाचतांना मला वू-तांग पर्वतावरचा सिद्ध आठवला नाहीं; खेड्यांत परत आलेला हा पासष्ट वर्षांचा मास्तर आठवला.

आतां एक अप्रिय प्रकरण सांगितलें पाहिजे. एप्रिल २०१७ मध्यें चेंगडू शहरांत श्यू श्याव-तुंग नांवाच्या आधुनिक पद्धतीच्या मल्लानें, ताइ-ची-च्वानचे आचार्य म्हणविणाऱ्या एका गृहस्थांना अर्ध्या मिनिटाच्या आंत जमिनीवर लोळविलें. त्याचें चित्रण देशभर पाहिलें गेलें आणि मोठा गदारोळ उठला. कोणी म्हणाले, सारी विद्याच खोटी. कोणी म्हणाले, ह्या मल्लानें राष्ट्रीय परंपरेचा अपमान केला. मला दोन्ही बोलणीं अप्रस्तुत वाटतात. यांग लू-छान अजिंक्य होता असें म्हणतात तें तो रोज प्रतिकार करणाऱ्या माणसाशीं झुंजत होता म्हणून; केवळ त्याच्या चालीचें नांव ताइ-ची-च्वान होतें म्हणून नव्हे. ज्यानें हवेंतच हात फिरविले त्याला हवाच जिंकतां येईल. दोष शिकणाऱ्यांचा नाहीं. स्पर्श न करतां माणूस दहा हात दूर फेंकून दाखविणाऱ्या, आणि शिष्यांनीं ठरल्याप्रमाणें उडून पडावें अशी व्यवस्था ठेवणाऱ्या, तथाकथित आचार्यांचा आहे. सिद्धाच्या कथेला जो समाज इतिहास मानतो त्याला असले आचार्य भेटणारच. ह्यावर उपाय लढाईचा आखाडा काढणें हा नाहीं; आजच्या साठीच्या माणसाला ठोसे खाण्याची गरज नाहीं. पण ढकलत्या हातांचा सराव तरी राखावा, असें मला निक्षून वाटतें. दुसऱ्या माणसाचा खरा रेटा अंगावर आल्याशिवाय आपला पाय भरला आहे कीं रिता, हें आपणांस आपलें कळत नाहीं.

आणि तोल राखण्याच्या ह्या शिक्षणाची आज कोणाला गरज असेल तर ती वृद्धांना आहे. म्हाताऱ्या माणसाचा शत्रु मूठ उगारून येत नाहीं. तो न्हाणीघराच्या ओल्या फरशींत आणि उंबरठ्याच्या दोन बोटें उंचींत दडून असतो. पाय घसरतो, खुब्याचें हाड मोडतें, माणूस अंथरुणास खिळतो, आणि पुष्कळदां त्यांतून उठत नाहीं. ह्या दृष्टीनें पाश्चात्य वैद्यांनीं पद्धतशीर प्रयोग केलेले आहेत. अमेरिकेंतील अटलांटा येथें ७० वर्षें व त्यावरील २०० माणसांवर केलेल्या प्रयोगाचा अहवाल १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला; १५ आठवडे ताइ-ची शिकलेल्या गटांत वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनीं कमी आढळला. ऑरिगन राज्यांतील, २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, प्रयोगांत पडण्याचा विशेष धोका असलेलीं ६७० वृद्ध माणसें होतीं. ताइ-चीच्या तत्त्वांवर बसविलेला तोलाचा व्यायाम करणाऱ्यांचें पडणें, नुसतें अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या मानानें ५८ टक्क्यांनीं, आणि निरनिराळे व्यायाम मिळून करणाऱ्यांच्या मानानेंहि ३१ टक्क्यांनीं कमी झालें. कंपवाताच्या १९५ रोग्यांवरील २०१२ चा प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटला, कारण त्यांत गुणाबरोबर मर्यादाहि दिसते. आठवड्यांतून दोनदां, २४ आठवडे ताइ-ची करणाऱ्यांचा तोल इतर दोन्ही गटांपेक्षां चांगला सुधारला. अंग ताणणाऱ्यांपेक्षां ते कमी पडले. पण वजनें घेऊन शक्तिवर्धक व्यायाम करणाऱ्यांपेक्षां त्यांचें पडणें कमी झालें असें सिद्ध झालें नाहीं.

येथवर पुराव्याचें बळ आहे. ह्यापुढें जाऊन ताइ-चीनें कर्करोग बरा होतो, मधुमेहाचें औषध बंद करतां येतें, असें कोणी सांगूं लागला तर त्याला वू-तांग पर्वतावरच पाठवावें हें उत्तम. लाभ होतो त्याचें कारणहि गूढ नाहीं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाणीवपूर्वक नेणें, एका पायावर ठरण्याची ताकद कमावणें, आणि पाऊल टाकण्यापूर्वीं जमीन 'ऐकणें', हें आठवड्यांतून कांहीं तास केलें कीं उंबरठ्याशीं त्याचा उपयोग होतो. जें शिपायाला शत्रूपुढें हवें होतें तेंच आजीला न्हाणीघरांत हवें आहे.

कोणा श्रोत्याला शिकण्याची इच्छा झाली तर शिक्षक निवडतांना एक करावें. कोणतीहि एक चाल दाखवून विचारावें, "हा हात येथें कशासाठीं येतो?" ज्याला विद्या येते तो शिक्षक आपलें मनगट पुढें करून सावकाश दाखवील कीं रेटा असा येतो आणि असा वळतो. जो नुसता डोळे मिटून विश्वशक्तीविषयीं बोलूं लागेल, त्याचा नम्रपणें निरोप घ्यावा. गुडघ्यांची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घेतली पाहिजे : फार खालीं बसूं नये, आणि गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेलाच ठेवावा, आंत वळूं देऊं नये; खालीं बसण्याच्या हौसेनें गुडघे दुखावून घेणारे उत्साही लोक कमी नाहींत. शिक्षक मिळेपर्यंत घरीं करण्यासारखें एवढेंच आहे. भिंतीपासून हातभर अंतरावर, पावलें खांद्याइतकीं दूर ठेवून, अनवाणी उभें राहावें. सारें वजन उजव्या पायांत उतरवावें. इतकें, कीं डावी टांच आपोआप हलकी होऊन उचलली जावी. तीन श्वास थांबावें. मग तितक्याच सावकाश वजन डाव्या पायांत न्यावें. पहिल्या आठवड्यांत पांच मिनिटें पुरेत, आणि भिंत हाताशीं असूं द्यावी.